पाण्याला झालेला क्षय

१

पाण्याला क्षय झाला होता.

स्वानंद लघाटेनं जेलची पारदर्शक, जेलीसारखी पातळ लादी जांभळ्या दिव्यावर नीट सरकवली, चष्मा काढून शर्टाला पुसला आणि पुन्हा बघितलं. शेवटच्या घरात नारिंगी रेघ चमकत होती. बारीक, सरळ, ठसठशीत. त्या घरात कुणाचा बेडका नव्हता, कुणाच्या छातीतलं पाणी नव्हतं. होतं ते फक्त शुद्ध केलेलं पाणी.

एकोणीसशे नव्व्याण्णवचा उन्हाळा होता. इंदूरच्या कापडमिल्स एकेक करून बंद पडल्या होत्या, आणि त्याच शहरात काचेच्या दारांची दुकानं, मोबाइल फोन आणि परदेशी मशीनं येत होती. डॉ. अच्युत तारे यांच्या लॅबमध्येही असंच एक मशीन आलं होतं, पीसीआरचं. त्याचं काम सांगायला सोपं होतं. रोग्याच्या नमुन्यात क्षयाच्या जंतूच्या डीएनएचा एक ठराविक तुकडा असेल, तर मशीन त्याच्या कोट्यवधी नकला काढतं आणि त्या नकला जांभळ्या दिव्याखाली रेघ होऊन चमकतात. तुकडा नसेल तर अंधार. दर खेपेला एक नळी मुद्दाम नुसत्या पाण्याची ठेवायची. ती राखणदार. ती अंधारी राहिली, तरच बाकीच्या रेघांवर विश्वास ठेवायचा.

पाणी पहिल्यांदा उजळलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "हात हलला असेल तुझा. रिपोर्ट जाऊ दे." दुसऱ्यांदा उजळलं तेव्हा त्यांनी लॅबमध्ये झाडूपोछा करणाऱ्या लक्ष्मणला कामावरून काढलं होतं. लक्ष्मण मिलमधून आलेला माणूस, सारखा खोकायचा. "तोच घेऊन आलाय घाण," डॉक्टर म्हणाले, आणि सगळ्यांना ते पटलं. स्वानंदलाही पटलं, कारण त्याच्या घरी तान्ही मुलगी होती आणि त्याला कुणाला तरी दोष देऊन मोकळं व्हायचं होतं.

लक्ष्मण गेल्याला आठवडा उलटून गेला होता. तरी पाणी उजळतच होतं.

बाहेर रिसेप्शनवर कुणाचा तरी आवाज चढला, म्हणून तो उठला. अरविंद पुराणिक उभे होते, रामबागेतले निवृत्त शिक्षक. त्यांची मुलगी देवयानी. तीन वर्षं मूल होईना म्हणून तिच्या गर्भाशयाच्या अस्तराची तपासणी याच लॅबमध्ये झाली होती. रिपोर्ट आला, क्षय. सासरच्यांनी आधी तिची ताटवाटी वेगळी केली, मग तिलाच माहेरी आणून सोडलं.

"तिचे डोळे हळद लावल्यासारखे झालेत," पुराणिक म्हणाले. "हॉस्पिटलमध्ये टाकलीय. क्षयाच्या गोळ्यांनी लिव्हर सुजलंय म्हणतात. डॉक्टर म्हणतात, रोग खरा असेल तर गोळ्या थांबवणं धोक्याचं. खोटा असेल तर एकेक गोळी विष आहे. त्यांना फक्त एक विचारायचंय. तुमचा रिपोर्ट पक्का आहे ना?"

काउंटरमागे डॉक्टरांच्या पत्नी रमावहिनी बसल्या होत्या. त्यांनी स्वानंदकडे बघितलं. स्वानंदच्या बोटांना अजून जेलचा ओलावा होता.

"उद्या सांगतो, काका," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्यानं डॉक्टरांना न विचारता इंदूरजवळच्या महूला फोन लावला.

२

डॉ. धम्मदीना इंगळे दुपारच्या बसनं आल्या. महूच्या पलटणीतल्या सुभेदाराची मुलगी, महूलाच जनावरांच्या रोगांवर शिकवायच्या. गाईम्हशींच्या क्षयासाठी त्यांच्याकडे असलंच मशीन होतं आणि स्वानंद ते चालवायला त्यांच्याकडेच शिकला होता. सुती साडीखाली कॅनव्हासचे बूट, आवाज हळू. प्रश्न विचारला की समोरच्याकडे न बघता दुसरीकडेच बघायची त्यांना सवय होती. त्यामुळे माणसं गरजेपेक्षा जास्त बोलून जायची.

डॉ. तारेंना त्यांचं येणं रुचलं नाही. पन्नाशीचे, गोरे, नीटनेटके. मधुमेह होता, पण हल्ली रोज सकाळी फिरायला जाऊन चांगलेच बारीक झाले होते, आणि येणारा जाणारा त्यांचं कौतुक करत असे.

"स्वानंदनं उगाच बात का बतंगड केलाय," ते म्हणाले. "आणि मॅडम, राग मानू नका, पण तुम्ही गुरांच्या डॉक्टर."

"हो सर. गुरं खोटं बोलत नाहीत, त्यामुळे मला जरा वेळ लागेल," धम्मदीना म्हणाल्या आणि स्वानंदबरोबर आत गेल्या.

लॅबच्या मागच्या बाजूला दोन खोल्या होत्या. एकीत रोग्यांचे नमुने उघडायचे. दुसरी साफ खोली. तिथं नमुना कधीही न्यायचा नाही, फक्त मशीनला लागणारी औषधं मिसळायची आणि सकाळी सगळ्यात आधी ती पाण्याची नळी भरून बंद करायची. खोली बंदिस्त, एसी लावलेली, एकच मोठी काचेची खिडकी. उजेड चांगला म्हणून नळ्यांचं स्टँड खिडकीजवळच्या टेबलावर असायचं.

"घाण दोन प्रकारची असते, स्वानंद," धम्मदीना म्हणाल्या. "एक म्हणजे मशीननं काढलेल्या नकला. झाकण उघडलं की उडतात, हातमोज्यांना चिकटतात, सगळीकडे पोचतात. पण त्या एकाच तुकड्याच्या असतात. मशीन नीट चालतंय का बघायला तुम्ही खात्रीची नळी ठेवता, तिच्यातही तोच तुकडा आहे. ठीक?"

"जी."

"आता मी त्याच जंतूचा दुसराच तुकडा शोधला, अगदी लांबचा, जो या लॅबमध्ये कधी कुणी बनवलाच नाही. तो मिळाला नाही, तर ही नुसती नकलांची घाण. खोली धुतली की संपलं."

"आणि मिळाला तर?"

त्या खिडकीकडे बघत होत्या. "तर इथं अख्खा जंतू आलाय. रोग्यांचे नमुने या खोलीत येत नाहीत. म्हणजे तो कुणाच्या तरी छातीतून येतोय. याच खोलीत. रोज."

एसीचा आवाज एकदम मोठा वाटायला लागला. स्वानंदनं श्वास रोखला आणि मग त्याच्या लक्षात आलं, की वर्षभर तो हीच हवा घेत होता आणि संध्याकाळी घरी जाऊन मुलीच्या गालाला गाल लावत होता.

"उजळलेल्या पाण्याच्या नळ्या ठेवल्यास ना?" त्यांनी विचारलं.

"फ्रीजरमध्ये. फोनवर तुम्ही सांगितलं, तशा वेगळ्या पुडीत. सकाळीच ठेवल्या. बाहेर सगळ्यांसमोरच बोललो मी, की यांना हात लावू नका, मॅडम यातून माणूस शोधणारेत."

त्यानं फ्रीजर उघडला. थंड वाफ बाहेर आली. बर्फावर पुडीच्या आकाराचा खळगा होता. पुडी नव्हती.

३

"फ्रीजरची किल्ली स्वानंदशिवाय माझ्याकडे असते आणि यांच्याकडे," रमावहिनी म्हणाल्या. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. "पण मी कशाला जाऊ त्या नळ्यांजवळ? मला तर त्या खोलीचीच भीती वाटते."

"साफ खोलीत जाता तुम्ही?"

"औषधांचा साठा मोजायला. सकाळी एक चक्कर. मला खोकला नाहीये हो, एकदम ठीक आहे मी."

खोकल्याचं धम्मदीनांनी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी हसून हात झटकले. "नळ्या काय, कचऱ्यात गेल्या असतील. हे बघा, मी तुमच्या नळ्यांना स्पर्शही करत नाही. ते सगळं स्वानंदचं खातं."

स्वानंद बोलताना अडखळत होता. "मॅडम, सच्ची सांगतो, मलाच असेल तर? मी एक्सरे काढायलाही घाबरतोय. नळ्यांना हात फक्त माझाच लागतो. दुसरा कोणीच नाही."

"पाणी रोज उजळतं?"

"अलीकडे बहुतेक रोज. फक्त गुरुवारी नाही." तो कसनुसा हसला. "गुरुवारी पाण्याचा उपास असतो म्हणायचो मी."

"गुरुवारी तू सुट्टी घेतोस?"

"नाही ना! मी तर असतोच. वहिनींचा उपास असतो, त्या दत्तमंदिरात जाऊन दुपारनंतर येतात. सर देवासला जातात, तिथं त्यांचं सेंटर आहे. मी आणि लक्ष्मणच असायचो, आता तर मी एकटाच."

धम्मदीनांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "मग तुझा जीव थोडा भांड्यात पडू दे. तू गुरुवारी असतोस आणि पाणी गुरुवारी स्वच्छ असतं. एक्सरे काढायचाच आहे, पण पाण्यात जंतू टाकणारा बहुतेक तू नाहीस."

लक्ष्मण सियागंजच्या बाजारात सापडला. मसाल्याच्या पोत्यांचा हातठेला एका गाळ्यासमोर लावून तो भिंतीला टेकून खोकत होता. मिरचीच्या खकाण्यानं येणारे जाणारे सगळेच खोकत होते, पण लोक त्याच्यापासूनच लांबून जात होते.

"ये खांसी मिलची आहे, मॅडमजी," तो म्हणाला. "वीस वरीस कापूस पिंजायच्या खात्यात होतो. सोमवारी कामावर गेलं की छाती आवळायची. मिल बंद झाली, खांसी नाही झाली. डॉक्टरसाहेबांना हे सांगितलं होतं मी. त्यांनी ऐकून घेतलं नाही." तो जरा थांबला. "घरात नातू आहे. ज्या दिवशी मला काढलं, त्या दिवसापासून सून त्याला माझ्याकडे देत नाही."

"साफ खोलीत तुम्ही काय काय पुसायचात?"

"फरशी, टेबल. खिडकीची काच रोज. तिच्यावर रोज छिट्टे असायचे."

"छिट्टे? पावसाचे?"

"उन्हाळ्यात कुठला पाऊस? आणि आतल्या बाजूनं होते." लक्ष्मणनं आपला हात उचलून स्वतःच्या तोंडासमोर धरला. "इतक्या उंचीवर. जसं कोणी काचेशी उभं राहून बोललंय."

धम्मदीनांच्या अंगावर भर बाजारात, भर उन्हात काटा आला.

४

त्या परत लॅबमध्ये आल्या तेव्हा स्वानंद एकटाच होता. त्यांनी कापसाचे निर्जंतुक बोळे ओले करून खोलीतल्या जागा एकेक पुसून घेतल्या. दाराची मूठ, टेबलाचं टोक, लक्ष्मण बादली ठेवायचा तो कोपरा, औषधांचं कपाट, खिडकीचा कठडा. प्रत्येक बोळा वेगळ्या नळीत. शिवाय एक गोष्ट त्यांनी मागून घेतली, देवयानी पुराणिकच्या नमुन्याचा उरलेला तुकडा. तो नशिबानं नमुन्यांच्या खोलीतल्या फ्रीजमध्ये होता आणि नमुना आला त्या दिवसापासून साफ खोलीच्या हवेत गेला नव्हता.

"महूला माझ्या मशीनवर लावते. उद्या दुपारपर्यंत कळेल."

"आणि तोवर देवयानीताई?"

धम्मदीना नळ्यांची पिशवी खांद्याला लावून बस गाठायला निघाल्या.

रात्रभर स्वानंद घरी ओसरीत झोपला. बायकोनं कारण विचारलं, तो गरम होतंय म्हणाला. आत मुलगी एकदा खोकली. दूध ठसकलं असेल, तान्ही मुलं खोकतातच. तो अंधारात बसून दुसऱ्या खोकल्याची वाट बघत राहिला. तो आला नाही, तरी सकाळपर्यंत त्याचा डोळा लागला नाही.

सकाळी हॉस्पिटलमधून पुराणिकांचा फोन आला. देवयानी अजून बापाला ओळखत होती, पण मधूनच भलतंच बोलत होती. तिथले डॉक्टर म्हणाले होते, आता थांबायला वेळ नाही.

धम्मदीनांचा फोन दुपारी आला. त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही हळू होता.

"आधी देवयानी. तिच्या नमुन्यात काही नाही. दोन्ही तुकडे अंधारात. तीनदा लावून बघितलं. हॉस्पिटलला मी स्वतः कळवलंय, गोळ्या थांबवल्या त्यांनी. तुमचा रिपोर्ट खोटा होता, स्वानंद."

स्वानंद खुर्चीत बसला. आनंद व्हायला हवा होता. पण तो मनात रिपोर्ट मोजायला लागला. देवयानीच्या आधी आणि नंतर किती रिपोर्ट गेले होते!

"मॅडम, आणि बोळे?"

"दाराची मूठ स्वच्छ. टेबलाचं टोक, कपाट, लक्ष्मणचा कोपरा, सगळं स्वच्छ." त्या थांबल्या. "खिडकीचा कठडा उजळला. पहिला तुकडाही आणि दुसराही. त्या खोलीत जिवंत माणूस खोकतोय. आणि त्याच्या छातीत क्षय आहे."

५

धम्मदीना संध्याकाळच्या आत पुन्हा इंदुरात पोचल्या. बसमध्ये त्यांनी मनाशी मांडणी केली. लक्ष्मण गेल्यावरही पाणी उजळलं, म्हणजे लक्ष्मण नाही. स्वानंद गुरुवारी असतो आणि गुरुवारी पाणी स्वच्छ, म्हणजे स्वानंद नाही. गुरुवारी सकाळी दोघं नसतात, रमा आणि अच्युत. रमा रोज साफ खोलीत जाते. तिच्याकडे फ्रीजरची किल्ली आहे. न विचारता ती खोकल्याचं बोलली. नळ्या गायब करण्याचं कारण तिच्याइतकं दुसऱ्या कुणाला असणार? आणि डॉक्टर तर नळ्यांना हात लावत नाहीत.

रमावहिनी रिसेप्शनवर होत्या. धम्मदीनांनी त्यांना सरळच सांगितलं. "उद्या सगळ्यांनी बेडका द्यायचा. तुम्ही, सर, स्वानंद. लक्ष्मणलाही बोलावलंय."

रमावहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. "मी नाही देणार."

"का?"

"नाही म्हणजे नाही. मला येतच नाही बेडका." त्यांनी काउंटरची कड इतकी घट्ट धरली, की बोटं पांढरी झाली. "यांनाही नका सांगू, धम्मदीनाजी. पाया पडते तुमच्या. त्यांची शुगर वाढते टेन्शननं."

धम्मदीना काही बोलणार, तेवढ्यात डॉक्टरांच्या केबिनमध्ये मोबाइल वाजला. डॉक्टर फोन कानाला लावून बाहेर आले. "हॅलो? हॅलो? अरे भिया, आवाज कटून राहिलाय, एक मिनिट..." असं म्हणत ते झपाझप मागे गेले.

धम्मदीना त्यांच्यामागून गेल्या, मागोमाग स्वानंदही. साफ खोलीच्या दाराला मध्ये चौकोनी काच होती. तिच्यातून त्यांना डॉक्टरांची पाठ दिसली. ते खिडकीशी, अगदी काचेला तोंड लावून उभे होते. साऱ्या इमारतीत बहुधा तिथंच नेटवर्क मिळत होतं. ते मोठमोठ्यानं बोलत होते. मग त्यांना खोकला आला. फोन बाजूला धरून ते वाकले आणि दोनदा, तीनदा खोल खोकले. त्यांच्या कोपराखाली, वीतभर अंतरावर, नळ्यांचं स्टँड होतं.

"स्वानंद," धम्मदीनांनी न वळताच विचारलं, "हे रोज होतं?"

"फोन? हो, सकाळी तर दहा येतात. सर आले की नळ्या तशाच उघड्या ठेवून मी बाहेर येतो, त्यांची प्रायव्हेट बात असते." स्वानंद बोलता बोलता थांबला. "पण मॅडम, सर नळ्यांना हात नाही लावत..."

"माझंच चुकलं," त्या म्हणाल्या. "हात कुणाचा लागतो ते मी विचारलं. श्वास कुणाचा लागतो ते विचारलंच नाही."

मागे पावलं वाजली. रमावहिनी दाराशी येऊन उभ्या होत्या आणि काचेतून नवऱ्याच्या पाठीकडे बघत होत्या. सदरा पाठीवर सैल लोंबत होता.

६

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी बेडका द्यायला अजिबात का कू केलं नाही. उलट ते उत्साहात होते. "होऊन जाऊ दे एकदाचं. पण स्लाइड मी बघणार. मशीनबिशीन सोडा, पंचवीस वर्षं मायक्रोस्कोपवर बसलोय मी. माझ्या नजरेतून एक जंतू सुटत नाही."

धम्मदीनांनी याला होकार दिला. तीन डब्या आल्या, लक्ष्मणची, स्वानंदची आणि डॉक्टरांची. रमावहिनींनी दिली नाही. धम्मदीनांनी स्वतः स्लाइड बनवल्या, रंगवल्या आणि त्यांच्यावर काचेच्या पेनानं फक्त अ, ब, क एवढंच लिहिलं.

केबिनमध्ये सगळे जमले. लक्ष्मण दाराबाहेर उभा राहिला होता, त्याला कुणी आत ये म्हटलं नव्हतं. रमावहिनी भिंतीकडच्या खुर्चीत बसल्या होत्या. डॉक्टरांनी पहिली स्लाइड लावली आणि डोळा भिंगाला लावला. बराच वेळ नुसता स्लाइड सरकण्याचा बारीक आवाज येत होता.

"अ स्वच्छ," ते म्हणाले.

दुसरी स्लाइड. या वेळी त्यांना फार वेळ लागला नाही. ते मागे सरले, आणि शिकवताना येतो तसा आवाज त्यांच्या गळ्यात आला.

"या, बघून घ्या सगळ्यांनी. निळ्या जमिनीवर लाल काड्या. ढीग पडलेत. असा पेशंट खोकला की खोलीत मरण पसरवतो." त्यांनी दाराकडे बघितलं. त्यात राग नव्हता, कीवच होती. "लक्ष्मण, मी म्हणालो होतो ना? औषधानं बरा होशील तू, घाबरू नको. पण मी चुकलो नव्हतो."

लक्ष्मणनं चौकटीला हात टेकला. 

"तिसरी बघा, सर," धम्मदीना म्हणाल्या.

"हो, हो." तिसरी लागली. पुन्हा तो बारीक आवाज. "क स्वच्छ. स्वानंद, सुटलास तू."

"सर, क लक्ष्मणची आहे."

डॉक्टर अजून भिंगातच बघत होते. त्यांची मान हलली नाही, फक्त स्क्रूवरचं बोट थांबलं. "मग अ?"

"स्वानंद."

बाहेर रस्त्यावरून एक टेम्पो गेला आणि खिडकीची तावदानं थरथरली. डॉक्टरांनी 'क' स्लाइड काढली आणि 'ब' पुन्हा लावली. आता ते एकेक क्षेत्र सावकाश, शिकाऊ पोरानं बघावं तसं बघत होते. कुठंतरी चूक सापडेल म्हणून. शेवटी त्यांनी डोळा बाजूला केला तेव्हा डोळ्याभोवती भिंगाचा गोल वळ उमटला होता.

"मी फिरायला जातो," ते म्हणाले. "वजन त्यानं कमी झालं. खोकला एसीचा आहे."



"उशी भिजते तुमची रोज," रमावहिनी एकदम म्हणाल्या. त्यांचा आवाज चिरका झाला होता. "पहाटे घामानं उशी भिजते. मी अभ्रे बदलते, तुम्हाला कळूही देत नाही. मागच्या महिन्यात रुमालावर रक्त होतं. मी धुऊन टाकला. विचार करायची, विचारलं की खरं होईल. ज्या लॅबचा डॉक्टरच क्षयाचा, तिथं कोण येईल? स्वानंद म्हणाला, मॅडम नळ्यांतून माणूस शोधणार आहेत. मी त्या काढल्या आणि गटारात ओतल्या."

"आणि लक्ष्मणला काढलं तेव्हा?" धम्मदीनांनी विचारलं. या वेळी त्या सरळ समोर बघत होत्या.

रमावहिनींनी दाराकडे बघायचा प्रयत्न केला, पण त्यांना ते जमलं नाही. "वाटलं, त्याचं नाव लागतंय तर लागू दे. यांचं वाचेल." मग त्यांनी तोंडावर पदर दाबला, आणि कितीतरी दिवस आत दाबून ठेवलेला खोकला एकदम बाहेर आला. त्या खोकत राहिल्या, आणि खोलीतलं प्रत्येक माणूस नकळत एक पाऊल मागे सरकलं. डॉक्टर सोडून. ते तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच भीती दिसत होती.

७

रमावहिनींच्या एक्सरेत उजव्या फुप्फुसात छोटा डाग निघाला. स्वानंदचा एक्सरे स्वच्छ आला. त्याच्या मुलीला बालरोगतज्ज्ञांनी खबरदारीचं औषध सुरू केलं. देवयानी शुद्धीवर आली, चांगलं महिनाभर अंथरुणात राहिली, आणि सासरहून माणसं न्यायला आली तेव्हा बापानं त्यांना दारातून परत पाठवलं. तसं तिनंच सांगितलं होतं.

डॉक्टरांनी साफ खोलीला कुलूप घातलं. स्लाइड बघितली त्याच दिवसापासून घरातल्या वेगळ्या खोलीत बसून, तोंडाला रुमाल बांधून ते एकेका रोग्याला फोन करत होते. "तुमचा रिपोर्ट चुकीचा असू शकतो. पुन्हा तपासावा लागेल. चूक माझी आहे." कुणी शिव्या दिल्या, कुणी रडलं. एका बाईनं नुसतंच विचारलं, मग माझा नवरा कशानं गेला? 

लक्ष्मणकडे फोन नव्हता. त्या दिवशी केबिनमधून तो कुणाशी काही न बोलता निघून गेला होता आणि एक्सरेला आलाच नव्हता. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर रिक्षा करून परदेशीपुऱ्यात गेले. मिलच्या लोकांच्या चाळींमध्ये, अरुंद गल्लीत, ते नाव विचारत विचारत पोचले. लक्ष्मण ओट्यावर बसला होता आणि नातू आता पुन्हा त्याच्या मांडीवर होता. डॉक्टरांना बघताच तो चटकन उठला, पोराला घरात सोडलं आणि दार बाहेरून ओढून घेतलं.

"तिथंच थांबा, साहेब," तो म्हणाला. "लहान लेकरू आहे घरात."

डॉक्टर गल्लीच्या मधोमध उन्हात थांबले. आजूबाजूच्या बायका दारात आल्या होत्या.

"लक्ष्मण, माझं चुकलं," डॉक्टर म्हणाले. रुमालामुळे आवाज दबलेला येत होता. "तुझ्या खोकल्यावरून तुला घालवलं, आणि माझा स्वतःचा मला ऐकू आला नाही. काम परत हवं असेल तर..."

"ते राहू द्या. पहिले हे सांगा. स्लाइड साफ आली म्हणजे मी बचलो का? वर्षभर त्याच खोलीत होतो मी. ते छिट्टे मीच पुसायचो, हातानं."

आयुष्यभर डॉक्टरांनी लोकांना उत्तरं दिली होती, छापील, सहीशिक्क्याची. आता ते त्या बंद दाराकडे बघत राहिले. आत पोरगं आजोबांना हाका मारत होतं.

"माहीत नाही," ते म्हणाले. "स्लाइड साफ असली तरी एक्सरे बघावा लागेल. तुझा, सुनेचा, या लेकराचाही. मी न्यायला आलोय."

 लक्ष्मण दार किलकिलं करून आत सुनेशी हळू आवाजात काही बोलला. ती पोराला कडेवर घेऊन बाहेर आली आणि डॉक्टरांकडे न बघता गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडे चालायला लागली.

डॉक्टरांनी रिक्षाकडे हात केला. "बसा ना यात. तुम्ही तिघं बसा, मी दुसरी करतो."

"नको. ती सवारीच्या टेम्पोनं येईल. तुम्ही व्हा पुढे, साहेब." लक्ष्मणनं भिंतीला टेकवलेली सायकल काढली. "मी मागून येतो."

रिक्षा निघाली. डॉक्टर मागे वळून बघत होते. लक्ष्मण सायकल मारत येत होता, खोकत होता, पण थांबत नव्हता. मिलच्या लांबलचक भिंतीच्या कडेनं, नंदानगरच्या चौकातून, बाजाराच्या गर्दीतून. रिक्षा हळू झाली की तोही हळू व्हायचा. ती थांबली की एक पाय जमिनीला टेकून उभा राहायचा. अंतर मात्र त्यानं शेवटपर्यंत तेवढंच ठेवलं.